टेनपिन बोलिंगमध्ये करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक खुलासा: क्रिकेटच्या गोलंदाजीचा इथे काही संबंध नाही. दहा पिन, एक जड बॉल आणि साठ फुटांची लेन, एवढंच इथे आहे. मी स्वतः प्रो नाही. बरीच वर्षं लीग खेळतोय आणि नव्या खेळाडूंच्या, त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांच्या, त्याच त्या शंकांना उत्तरं देत आलोय. ती एकदाची लिहून काढली.

गेममागे माझी सरासरी तीनशेपैकी दोनशेच्या वर आहे. मी प्रो होऊ शकतो का?

आधी मला सांगा, ही सरासरी कुठल्या तेलावरची आहे?

लेनवर तेल घातलेलं असतं, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. रोजच्या गिऱ्हाइकांसाठी आणि लीगसाठी जे तेल घालतात, त्याला हाउस शॉट म्हणतात. त्यात मधल्या पट्ट्यांवर भरपूर तेल असतं आणि कडेला जवळजवळ कोरडं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल चुकून बाहेर गेला, तर कोरडी लेन त्याला पकडून आत वळवते. चुकून आत गेला, तर मधलं तेल त्याला घसरवत सरळ नेतं. दोन्हीकडच्या चुका लेनच पोटात घालते. अशा ठिकाणी दोनशेची सरासरी असणं कौतुकाचं आहे, पण त्यावरून प्रो खेळाचा अंदाज येत नाही.

स्पर्धेच्या पॅटर्नमध्ये (तेलाच्या या मांडणीला स्पोर्ट पॅटर्न म्हणतात) कडेला आणि मध्ये तेलाचं प्रमाण बरंच सारखं असतं. माझंच सांगतो. लीगमध्ये माझी सरासरी १९६ होती, आणि त्याच मस्तीत मी पहिल्यांदा स्पोर्ट पॅटर्नवर उतरलो. पहिला गेम १४२. फेक तीच होती, बॉल तोच, बूटही तेच. दोन पट्ट्या बाहेर गेलेला बॉल परत आलाच नाही आणि दोन पट्ट्या आत गेलेला थेट हेडपिनच्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या पिनच्या, नाकावर आदळून स्प्लिट (एकमेकींपासून लांब उभ्या पिना) ठेवून गेला. त्या दिवशी कळलं की आपल्या सरासरीतले बरेच गुण तेलाचे होते.

तेव्हा पहिली परीक्षा हीच: वर्षभर स्पोर्ट पॅटर्नवर खेळा आणि मग सरासरी सांगा.

तेलाची एवढी काय भानगड आहे?

या खेळाची खेळपट्टी म्हणजे तेल, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. लेन साडेएकेचाळीस इंच रुंद, त्यात ३९ पट्ट्या, म्हणजे प्रत्येक पट्टी इंचाहून किंचित रुंद. तेल फाउल लाइनजवळ (फेकताना जी ओलांडायची नसते ती रेषा) सुरू होतं आणि ठरावीक अंतरावर संपतं. तिथून पुढे कोरड्या लाकडावर किंवा सिंथेटिकवर बॉल पकड घेतो आणि वळतो. संपूर्ण लेनवर मिळून तेल असतं साधारण वीस ते तीस मिलीलिटर. चहाचा कपसुद्धा भरणार नाही, पण स्पर्धा त्यावर ठरते.

पीबीए या अमेरिकेतल्या प्रो संघटनेच्या टूरवरच्या बऱ्याच पॅटर्नना जनावरांची नावं आहेत. वुल्फ हा आखूड, ३२ फुटांचा. बॅजर लांबलचक, ५२ फुटांचा. एक ढोबळ नियम सगळे वापरतात: पॅटर्नच्या लांबीतून ३१ वजा करा, उरलेल्या आकड्याच्या पट्टीच्या आसपास बॉल वळायला हवा. म्हणजे वुल्फवर पहिल्या पट्टीपाशी, अगदी गटरच्या काठावरून बॉल न्यायचा, आणि बॅजरवर मात्र मधूनच, जवळजवळ सरळ. एकाच स्पर्धेत सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा पॅटर्न खेळावा लागू शकतो.

आणि हे तेल जागेवर राहत नाही. प्रत्येक बॉल थोडं तेल उचलून नेतो. प्रो परत आलेला बॉल उचलताना पाहा. पुसण्याआधी क्षणभर तो त्यावरची तेलाची वर्तुळं न्याहाळतो. वर्तुळं फाकलेली आहेत की एकावर एक, तेल किती उचललं गेलं, हे बघून पुढच्या फेकीला पाय एक पट्टी सरकवायचा की दोन, ते तो ठरवतो. दोन गेमनंतर सगळेच आत सरकतात, कारण बाहेरची वाट सगळ्यांनी मिळून जाळलेली, म्हणजे कोरडी केलेली असते. जो आधी सरकतो त्याला फायदा. जो स्ट्राइक (पहिल्याच फेकीत दहाही पिना) पडणं थांबल्यावर सरकतो, त्याचे दोन फ्रेम (गेममधल्या दहा डावांपैकी दोन) तोवर गेलेले असतात.

मला विचाराल तर प्रो आणि उत्तम हौशी खेळाडू यांच्यातला खरा फरक इथेच आहे. फेक दोघांचीही देखणी असते.

प्रो म्हणजे नेमकं कोण? संघटना कोणत्या?

सगळ्यात मोठी संघटना अमेरिकेतली पीबीए. एडी इलायस नावाच्या वकिलाने १९५८ मध्ये ती उभी केली, तेव्हा ३३ सदस्य होते. जपानची वेगळी संघटना १९६७ पासून आहे आणि तिथे प्रो होण्यासाठी रीतसर प्रो टेस्ट द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धा वेगळ्या. तिथे देशातर्फे खेळायचं असतं.

घरच्यांचा गैरसमज असतो की सदस्यत्व म्हणजे नोकरी लागली. तसं काही नाही. सदस्यत्वाने फी भरून स्पर्धेत उतरायचा हक्क मिळतो. पगार कुणी देत नाही. मोठ्या स्पर्धेत थेट जागा नसेल, तर आदल्या दिवशीची पात्रता फेरी खेळून मोजक्या जागांपैकी एक मिळवावी लागते. ती हुकली, तर स्पर्धा सुरू व्हायच्या आत तुमचं सामान बांधून झालेलं असतं.

पैसे किती मिळतात?

वरच्यांना बरे, मधल्यांना जेमतेम, खालच्यांना पदरमोड.

जुने आकडे बघितले की गंमत वाटते. १९६४ मध्ये डॉन कार्टरला एका बॉल कंपनीने दहा लाख डॉलरचा जाहिरात करार दिला. इतक्या रकमेचा करार मिळवणारा तो कुठल्याही खेळातला पहिला खेळाडू मानला जातो. डावखुरा अर्ल अँथनी १९७५ मध्ये एका हंगामात एक लाख डॉलर बक्षीस मिळवणारा पहिला बोलर ठरला आणि १९८२ मध्ये कारकिर्दीतले दहा लाख पूर्ण करणाराही पहिला. तेव्हा शनिवारी दुपारी अमेरिकेत राष्ट्रीय वाहिनीवर बोलिंग लागायचं. १९६२ पासून १९९७ पर्यंत ते चाललं. ते बंद झालं आणि खेळाची आर्थिक तब्येतही उतरली. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या तिघांनी पीबीए विकत घेतली, २०१९ मध्ये ती एका बोलिंग सेंटर साखळीकडे गेली.

आता वॉल्टर रे विल्यम्स ज्युनियरचं उदाहरण घ्या. ४७ विजेतेपदं, हा विक्रम. कारकिर्दीतलं बक्षीस चाळीस लाख डॉलरच्या वर. ऐकायला मोठं वाटतं, पण ते तीन दशकांत वाटा, त्यातून प्रवास, हॉटेल, प्रवेश फी आणि कर वजा करा. आणि हा इतिहासातला सगळ्यात यशस्वी माणूस! चाळिसाव्या क्रमांकावरच्या खेळाडूचं काय होत असेल, याचा हिशेब तुम्हीच मांडा.

अलीकडे मोठ्या स्पर्धेचं पहिलं बक्षीस एक लाख डॉलरच्या घरात असतं. पण मैदानात शंभराहून अधिक खेळाडू असतात आणि बक्षिसाची यादी वरच्या काही जणांपाशीच संपते. त्या रेषेच्या एक पिन खाली राहिलात, तर आठवडाभराचा खर्च तुमच्या खिशातून. त्यामुळे बहुतेकांचं घर बक्षिसावर चालत नाही. बॉल कंपनीचा करार असतो: बॉल फुकट, अंगावर लोगो, जिंकलात तर बोनस. कुणी प्रो शॉप चालवतं, कुणी शिकवणी घेतं, कुणी प्रो-ॲम (हौशींसोबत प्रो खेळतात ते) आणि प्रदर्शनी सामने करतं, आणि आता व्हिडिओ चॅनल हेही उत्पन्नच आहे. पहिली तीन वर्षं निव्वळ खर्चाची धरून चाला.

नोकरी सोडून यात उतरू का?

नका. पण टॉम स्मॉलवुडची गोष्ट सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. मिशिगनचा हा माणूस मोटार कारखान्यात कामाला होता. २००८ च्या डिसेंबरमध्ये त्याची नोकरी गेली. दुसरं काम मिळेना, म्हणून २००९ मध्ये त्याने टूरची पात्रता चाचणी दिली, त्यात पास झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पीबीए जागतिक अजिंक्यपद जिंकला. अंतिम सामन्यात समोर होता वेस मॅलट, आदल्या हंगामातला सर्वोत्तम खेळाडू. बक्षीस पन्नास हजार डॉलर.

ही गोष्ट सगळे सांगतात आणि सांगताना एक गोष्ट विसरतात: नोकरी त्याने सोडली नव्हती, ती गेली होती. आणि हौशी स्पर्धांत त्याची कित्येक वर्षं आधीच खर्ची पडली होती.

स्पर्धेचा आठवडा कसा असतो?

थकवणारा. यू.एस. ओपनचं अलीकडचं स्वरूप घ्या: वेगवेगळ्या पॅटर्नवर आठ-आठ गेमचे तीन टप्पे, मग बक्षिसाच्या यादीत आलेल्यांचे आणखी आठ, मग चोवीस गेमचं मॅचप्ले, म्हणजे एकास एक सामने. एकूण छप्पन्न. गेममागे पंधरा फेकी धरल्या तर आठशेच्या वर फेकी होतात, त्याही पंधरा पौंडांच्या म्हणजे जवळजवळ सात किलोच्या बॉलने. हाताने साडेपाच टनांहून जास्त वजन झुलवलेलं असतं, सराव वेगळा.

एवढं करून पहिले पाच जण टीव्हीवरच्या शिडी पद्धतीच्या अंतिम फेरीत जातात. पाचवा चौथ्याशी खेळतो, जिंकला की तिसऱ्याशी, असं वर चढत जायचं. पहिला क्रमांक मिळवणाऱ्याला एकच सामना खेळायचा असतो. छप्पन्न गेम आघाडीवर राहून तो एका गेममध्ये हरू शकतो. हे न्याय्य आहे का? माझ्या मते नाही. पण बघायला मजा येते, आणि पैसा बघणाऱ्यांकडून येतो.

स्ट्राइकवर भर द्यावा की स्पेअरवर?

हा प्रश्न नवा खेळाडू कधीच विचारत नाही, आणि दुखणं नेमकं तेच असतं.

हिशेब बघा. प्रत्येक फ्रेममध्ये नऊ पिन पाडून उरलेली एक दुसऱ्या फेकीत उचलली (हाच स्पेअर) आणि शेवटच्या जादा फेकीतही नऊ पाडल्या, तर गुण होतात १९०. एकही स्ट्राइक नाही. यातला एक स्पेअर चुकला की थेट दहा गुण गेले. तीन चुकले की १६०. स्ट्राइकची मालिका आपल्या हातात पूर्णपणे नसते. एकटी उभी राहिलेली पिन पाडणं मात्र असतं.

आता दहाव्या पिनकडे, मागच्या रांगेतल्या उजव्या टोकाच्या पिनकडे, या. उजव्या हाताच्या खेळाडूची ही जन्माची वैरीण. आदर्श स्ट्राइकमध्ये बॉल फक्त चार पिनांना लागतो: एक, तीन, पाच आणि नऊ. बाकीच्या सहा पिनांनी पिनांना पाडायचं असतं. तिसरी सहाव्या पिनला ढकलते, सहावी दहावीला. पण बॉल पॉकेटमध्ये (पहिल्या आणि तिसऱ्या पिनमधल्या फटीत) केसभर वेगळ्या कोनात शिरला, तर सहावी पिन दहावीच्या मानेभोवती वळसा घालून निघून जाते आणि दहावी तशीच उभी. फेक बघणाऱ्याला निर्दोष वाटते. प्रो अशा वेळी चरफडत नाही (म्हणजे चरफडतो, पण पाचच सेकंद), तो हुक न घेणारा, म्हणजे न वळणारा, प्लॅस्टिकचा बॉल उचलतो, डावीकडे सरकतो आणि तिरक्या सरळ रेषेत ती पिन काढतो. शंभरातल्या पंचाण्णव वेळा काढता येईपर्यंत टूरचा विचारही करू नका.

या पिनने भल्याभल्यांना रडवलंय. १९७० च्या टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्सच्या अंतिम सामन्यात डॉन जॉन्सनने सलग अकरा स्ट्राइक मारले. बाराव्या स्ट्राइकवर ३०० गुण, दहा हजार डॉलर जादा आणि एक मोटार. बॉल पॉकेटमध्ये गेला, नऊ पिना पडल्या, दहावी उभी. जॉन्सन तिथेच ॲप्रोचवर (लेनआधीच्या, पावलं टाकायच्या जागेवर) पालथा पडून राहिला. सामना २९९ विरुद्ध २६८ असा जिंकला होता, तरीही.

दोन हातांनी फेकणं ही फसवणूक नाही का?

नाही, नियमात पूर्णपणे बसतं. ऑस्ट्रेलियाच्या ऑरेंज गावातल्या जेसन बेलमॉन्टेच्या आईवडिलांचं बोलिंग सेंटर होतं. लहानपणी एका हाताने बॉल उचलेना, म्हणून तो दोन्ही हातांनी ढकलायचा, आणि मोठा झाल्यावरही त्याने पद्धत बदलली नाही. टूरवर आला तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. आज १५ मेजर, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धांच्या, विजेतेपदांचा विक्रम त्याच्या नावावर आहे. त्याच्याआधी फिनलंडचा ओस्कू पालेर्मा असाच खेळत होता.

अंगठा भोकात नसल्यामुळे बॉलला फिरकी जास्त मिळते. एका हाताचे बरेच प्रो मिनिटाला तीनशे-चारशे फेऱ्यांच्या वेगाने बॉल फिरवतात, दोन हातांचे पाचशेच्या पुढे जातात. मात्र फिरकी जास्त म्हणजे तेल लवकर उडतं, आणि कमी तेलाच्या लेनवर बॉल आवरणं अवघड होतं. मुलाला आपसूक जमतंय ते करू द्या. चाळिशीतल्या माणसाने कंबर आणि गुडघा सांभाळून ठरवावं.

वयाची अट आहे का?

खेळ स्वतः फारशी घालत नाही. नॉर्म ड्यूकने १९८३ मध्ये अठराव्या वर्षी टूरचं विजेतेपद जिंकलं, जॉन हँडेगार्डने १९९५ मध्ये सत्तावन्नाव्या. वर सांगितलेल्या विल्यम्सचं ४७ वं विजेतेपद पन्नाशी गाठल्यावरचं, २०१० चं. पन्नाशीपुढच्यांसाठी वेगळा टूरही आहे.

किती बॉल लागतात? एक चांगला घेतला तर चालणार नाही का?

हौशी खेळाडूला दोन पुरतात: एक वळणारा, एक स्पेअरचा. टूरवरचा खेळाडू दहा-पंधरा बाळगतो, कारण प्रत्येकाचं बाहेरचं आवरण, आतला गाभा आणि भोकांची मांडणी वेगळी असते. रिअॅक्टिव्ह रेझिन हे नवं आवरण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आलं आणि बॉल एवढा वळायला लागला की जुने खेळाडू चक्रावले. सरावाच्या वेळी पॅडने घासून पृष्ठभाग खरखरीत किंवा गुळगुळीत करता येतो. स्पर्धा सुरू झाली की घासायला बंदी. नियमही बदलत राहतात. तोल साधण्यासाठीचं जादा भोक २०२० पासून बंद झालं, आणि २०२२ मध्ये कडकपणाच्या नियमामुळे काही बॉलची मान्यताच काढून घेतली गेली. ज्यांच्या पिशवीत ते होते, त्यांना ऐन हंगामात नवी जुळवाजुळव करावी लागली.

पण बॉलपेक्षा भोक महत्त्वाचं, हे माझं ठाम मत. खेळता खेळता अंगठा सुजतो. सकाळी अंगठ्याच्या भोकात टेपचे चार तुकडे असतात, तिसऱ्या गेमला एक काढावा लागतो, पाचव्याला आणखी एक. लेन गार असेल तर उलट, एक वाढवावा लागतो. भोक सैल असेल तर माणूस नकळत बॉल आवळतो, आणि आवळला की सुटताना हिसका बसतो. कित्येकांच्या ‘फॉर्म गेला’च्या तक्रारी या टेपच्या एका तुकड्याने मिटलेल्या मी पाहिल्यात.

दुखापतींचं काय?

मनगट, अंगठ्याचा सांधा, कंबर, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा गुडघा, कारण घसरत येऊन सगळा भार त्यावर थांबतो. सोळा पौंड ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. बहुतेक प्रो पंधराचा वापरतात, काही चौदाचा.

स्त्रियांना संधी आहे का?

आहे, पण वाट खडतर होती. स्त्रियांचा व्यावसायिक टूर २००३ मध्ये बंद पडला आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. मधल्या बारा वर्षांत एक अख्खी पिढी दुसऱ्या कामाला लागली. त्याच काळात, जानेवारी २०१० मध्ये, केली क्युलिकने पुरुषांसोबत टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स खेळून अंतिम सामन्यात क्रिस बार्न्सला २६५ विरुद्ध १९५ असं हरवलं. पीबीए टूरचं विजेतेपद जिंकणारी ती पहिली स्त्री. सत्तर गुणांचा फरक! ‘नशीब’ म्हणणाऱ्यांना बोलायला जागाच उरली नाही.

ऑलिंपिकमध्ये आहे का?

नाही. १९८८ मध्ये सोलला प्रदर्शनी खेळ म्हणून झाला, तेवढंच. आशियाई स्पर्धांमध्ये मात्र १९७८ मध्ये प्रवेश मिळाला.

टीव्हीवर दडपणाने एवढे मोठे खेळाडू कोसळतात कसे?

२०११ ची टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स. उपांत्य सामन्यात फिनलंडच्या मिका कोइवुनिएमीने २९९ मारले. समोरच्या टॉम डॉर्टीचे झाले १००. टीव्हीवरच्या अंतिम फेऱ्यांतला हा नीचांक. आठवडाभर जगातल्या उत्तम खेळाडूंना मागे टाकून आलेला माणूस, आणि प्रकाशझोताखालच्या लेनवर बॉल काय करतोय हे त्याला कळेना. स्प्लिटमागून स्प्लिट. त्यात दडपण किती आणि तेलाचं गणित किती, हे वेगळं काढता येत नाही. एक चुकलं की दुसरं वाढतं. डॉर्टी पुढेही टूरवर खेळत राहिला आणि जिंकलाही.

१९९१ मध्ये डेल बॅलार्डला शेवटच्या फ्रेममध्ये दोन स्ट्राइक आणि सात पिना हव्या होत्या. दोन्ही स्ट्राइक पडले. तिसरा बॉल गटरमध्ये.

मुलाला गोडी लागली आहे. सुरुवात कुठून करू?

महागडा हुक मारणारा बॉल घेऊ नका. त्याच्या पंजाच्या मापाने ड्रिल केलेला एक साधा प्लॅस्टिकचा बॉल घ्या, वजन त्याला सहज झुलवता येईल एवढंच. भाड्याच्या बॉलची भोकं कुणाच्याच हाताची नसतात आणि त्यातून आवळून धरायची सवय लागते. ज्युनियर लीगमध्ये नाव घाला. गेमचे गुण विचारण्याऐवजी किती फ्रेम उघडे (ना स्ट्राइक, ना स्पेअर) राहिले ते विचारा. आणि सरावाला गेल्यावर शेवटचा अर्धा तास स्ट्राइकचा नाद बाजूला ठेवून फक्त दहाव्या पिनवर बॉल टाकायला सांगा. इतर नऊ उभ्या असल्या तरी हरकत नाही, त्यांना धक्का न लावता ती एकटी पाडायची. सुरुवातीला दहातले दोन लागतील आणि बाकीचे गटरमध्ये जातील. जाऊ देत.